मस्तगडाला नुसता रंग नको, काम द्या!

आजचा एपिसोड छोटाच आहे, पण विषय आपल्या जालन्याचा आहे. मस्तगड.

हा लहानसा किल्ला निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमानं काबिलखानानं १७२५ साली बांधला. तसा फारसी शिलालेख तिथं आहे. आत एक मोठी विहीर आहे, तिला ओवऱ्या आणि दालनं आहेत. पुढं याच किल्ल्यात नगरपालिकेची कचेरी भरू लागली.

मला हे महत्त्वाचं वाटतं. जुनी इमारत माणसांच्या वावरानं टिकते. रोज कुलूप उघडलं, की गळकं छत कुणाच्या तरी नजरेस पडतंच. मुंबईचं सीएसएमटी बघा ना. २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलं, तरी लोकल काही थांबली नाही.

आता दुरुस्तीचं. आपल्याकडं भेग दिसली, की लगेच सिमेंट थापतात. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंट ती ओल कोंडून ठेवतं, मग शेजारचा दगड-विटाच झडायला लागतात. म्हणून भिजवून मुरवलेला चुना आणि वाळूच हवी. वरून ऑइल पेंट तर अजिबात नको.

क्रमही लक्षात ठेवा. आधी छताचं पाणी थांबवायचं, मग सांधे भरायचे, रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, मुळासोबत दगडही निघतो. ते जाणकारांचं काम आहे.

आणि वायरिंग! जुन्या लाकडी छताखाली लोंबणाऱ्या वायरी, शेजारी कागदांचे गठ्ठे. एक ठिणगी पुरते. दुरुस्तीच्या यादीत हे वरच असायला हवं, आणि अग्निशमनची गाडी दारापर्यंत येईल एवढी वाटही मोकळी हवी.

तुम्ही काय कराल? मोबाईल काढा. तुमच्या गावातली एक जुनी सरकारी इमारत निवडा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकाच जागेवरून फोटो घ्या, तारखेसकट. ओल कुठून चढते, भेग किती वाढली, हे त्यात दिसतं. अर्जाला असे फोटो जोडले, की "बघू" म्हणून टाळणं अवघड जातं.

पाडायला एक दिवस पुरतो हो. तीनशे वर्षं मात्र परत मिळत नाहीत. भेटू पुढच्या भागात!