नाव बदलले, नोंद राहिली पाहिजे



शहरे आपला भूतकाळ कसा जपतात व कसा विसरतात, या विषयावर आम्हांस चार शब्द बोलावयास सांगितले आहे.

मुंबईजवळचे नालासोपारा घ्या. सम्राट अशोकाच्या काळी हे शूर्पारक मोठे बंदर होते. त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेथे सापडला आहे. परंतु पुढे धम्म सांगणारी माणसे उरली नाहीत आणि स्तूपाच्या टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणू लागले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा दगडी पेटीत करंडक व आठ मूर्ती मिळाल्या. स्तूप जागच्या जागी होता. ओळख तेवढी हरवली होती.

महाडला उलट घडले. नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे खुले केले, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केले. सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला! अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. शहराला हे विसरावयाचे होते. दरवर्षी २० मार्चला तेथे जाणाऱ्या आपल्या माणसांनी ते विसरू दिले नाही.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच आहे. अपमानाचे नाव कोणी का वागवावे? परंतु नावाबरोबर हकिकतही पुसली जाऊ नये. कोणत्या विहिरीवर आपल्याला मज्जाव होता, वतनाची कामे प्रथम कोणी नाकारली, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला कोण गेले, गाडीभाड्याचे पैसे कोठून आणले, हे कोठे लिहिले आहे?

आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी ओट्यावर बसून हेच सांगत. आम्ही कंटाळून खेळायला पळत असू. आज विचारावे म्हटले तर त्यांच्यापैकी कोणी नाही. ही चूक आमच्या पिढीची आहे आणि ती आम्ही येथे कबूल करतो. बँकेत रोज खाती पाहणाऱ्या आम्हांला एवढे कळावयास हवे होते, की ज्याची नोंद नाही तो व्यवहार पुढे सिद्ध करता येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस एकच विनंती. एक जाड वही घ्या. वस्तीतील सर्वांत वृद्ध आजी-आजोबांकडे बसा. ते सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहा. सांगणाऱ्याचे नाव व तारीख घाला. दोघांनी वेगळे सांगितले तर दोन्ही लिहा. ती वही विहारात ठेवा. उद्या कोणी आपल्या वस्तीला भलत्याच राजाचा कोट म्हणू नये, यासाठी एवढे कराच.

नमो बुद्धाय! जय भीम!