दडलेली सममिती



रांगोळीतील सममिती डोळ्यांना दिसते. निसर्गातील मात्र पुष्कळदा समीकरणांत दडलेली असते. न्यूटनच्या नियमानुसार सूर्याभोवती एकट्याने फिरणाऱ्या ग्रहाची लंबवर्तुळाकार कक्षा जागची ढळत नाही, त्यामागे अशीच एक सममिती आहे. १९२६ साली वोल्फगांग पाउली यांनी तीच हायड्रोजनच्या अणूत उपयोगात आणली आणि त्याच्या ऊर्जापातळ्या निव्वळ बीजगणिताने काढून दाखविल्या. श्रोडिंगर यांच्या तरंगसमीकरणाची वाटही त्यांना पाहावी लागली नाही.

हीच युक्ती साऱ्या विश्वाला लागू पडेल काय? १९२२ साली अलेक्झांडर फ्रीडमन यांनी ताऱ्यांचा सारा उंचसखलपणा बाजूस सारून सर्वत्र सारखे विश्व कल्पिले. अशा विश्वाचे वर्णन करण्यास एकच राशी पुरते: त्याचे आकारमान. अवकाश सपाट धरावे, त्यात एक साधे, वस्तुमानरहित क्षेत्र घालावे आणि आकारमानाऐवजी त्याचा लॉगॅरिदम घ्यावा (ज्याच्या तक्त्यांना मुले कंटाळतात, तोच!). १९६७ साली ब्राइस डेविट यांनी प्रसिद्ध केलेले विश्वाचे पुंजसमीकरण मग चक्क ताणलेल्या तारेवरील लहरीच्या समीकरणाचे रूप घेते. आकारमान आणि क्षेत्र यांना एकमेकांत मिसळणारी सममिती उघडी पडते, आणि उत्तरे पुन्हा बीजगणितातून हाती येतात.

बाजूस सारलेले तारे परत घातले, की ही सुबक सममिती सहसा टिकत नाही. ही उणीव मोठीच आहे. शिवाय त्या समीकरणात काळ कोठेच नाही. क्षेत्राच्या किमतीलाच घड्याळ मानून, ‘तेव्हा विश्व केवढे होते?’ असे विचारावे लागते.