गिअरबॉक्स तापला की सेन्सर बिघडला?

पिंपळे सौदागरला आता शेतापेक्षा इमारती जास्त. पण मावळात, खेडात जमीन राखून असलेले बरेच जण ऑटोमॅटिक गाडीनं शेतावर जातात. दिवा लागला, गाडी एकाच गिअरमध्ये अडकली की लगेच गिअरबॉक्स उघडायची भाषा सुरू होते. पान पिवळं दिसलं म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही, आधी कारण पाहतो. इथंही तसंच करा.

१. भरली गाडी चढावर असताना दिवा लागला, तर ऑइल खरंच तापलेलं असू शकतं. गाडी सावलीला लावा, थंड होऊ द्या. ऑइल काळं पडून जळका वास येत असेल, तर पुढं चालवू नका.

२. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्कॅनरवर पाहा. ऑइलचं तापमान हवेइतकंच हवं. उणे ४० च्या आसपास दिसलं (कोड पी ०७१३), तर बहुधा वायर तुटली किंवा पिन सुटली. थंड गाडीत अवाच्या सवा तापमान दिसलं (पी ०७१२), तर कुठंतरी शॉर्ट आहे. सेन्सरचा प्लग काढा. आकडा एकदम खाली आला तर दोष सेन्सरचा, तसाच राहिला तर वायरचा.

३. प्लगमध्ये गंज, पाणी, ऑइल आहे का, उंदरानं वायर कुरतडली आहे का, हे पाहा.

४. मीटरनं सेन्सरचा रोध मोजा. थंडपणी तो जास्त आणि ऑइल तापेल तसा कमी व्हायला हवा. आकडे गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहा.

काही गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सच्या आत असतो. ते काम जाणत्या मिस्त्रीकडंच द्या. पण आधी तपासणी, मगच खर्च, हे त्याला सांगा.