शाळेतलं जेवण फुकटचं नाही

 

आमचा दहाजणींचा बचत गट आहे. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवायचं काम आम्ही करतो. आज मात्र खिचडीची कृती सांगायला आलेलो नाही. आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द म्हणजे 'फुकट'.

डाळ पातळ आहे म्हणून एखादी आई शाळेत विचारायला येते, तर लगेच कुणीतरी म्हणतं, "फुकटचं आहे, त्यात चव कसली बघता?" पोरगं दुसऱ्यांदा भात मागतं, तर "फुकट मिळतंय म्हणून किती खाशील?" इंग्रजी शाळेत पोरं घालणारे आपल्या शाळेला 'खिचडीची शाळा' म्हणतात. हे सगळं पोरांच्या कानावर पडतं. ताटावर बसलेलं लेकरू मान खाली घालून जेवतं, ते आम्ही वाढताना बघतो. म्हणून म्हटलं, या शब्दाचा एकदा हिशोब करूच.

आधी ताटाचा हिशोब. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. तो सरकारने शेतकऱ्याकडून विकत घेतलेला असतो. डाळ, तेल, भाजी, मसाला आणि सरपण-गॅस यांसाठी मे २०२५ पासून लहान वर्गांना मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या वर्गांना १० रुपये १७ पैसे असा दर आहे. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. म्हणजे ताटातल्या प्रत्येक घासाचे पैसे कुणीतरी भरलेले आहेत.

ते कुणी भरले? बैठकीत हा प्रश्न निघाला तेव्हा आमच्यातली एकजण म्हणाली, "आपण कुठं कर भरतो बाई? कर भरणारे शहरातले पगारदार." बऱ्याचजणींना असंच वाटतं. पण २०० रुपयांचं रिचार्ज मारलं, की त्यातले तीसेक रुपये जीएसटीचे असतात. रिचार्ज मारणारी मजूर आहे की मालकीण, हे कर विचारत नाही. दुकानातून कपडे धुण्याची पावडर आणा, पंखा घ्या, घरासाठी सिमेंटचं पोतं घ्या, कर किमतीतच आलेला असतो. फक्त आपल्या हातात 'कर भरला' अशी पावती कुणी देत नाही.

आणखी एक ऐका. २००४ साली केंद्र सरकारने आपल्या करांवर दोन टक्के शिक्षण उपकर लावला. प्राथमिक शिक्षण आणि शाळेतलं जेवण यांच्या खर्चासाठीच तो होता. कारखान्यात तयार झालेल्या मालावरच्या करातही तो धरलेला असे. त्या काळात दुकानातून काही विकत घेणाऱ्या आपल्या आया-सासवांनी न कळत या जेवणाला हातभार लावलेला आहे.

ही गोष्ट आपल्याकडे फार आधी सांगून ठेवलेली आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात हाच मुद्दा होता. सरकारच्या तिजोरीत येणारा बराचसा पैसा रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गासाठी, हे त्यांनी इंग्रज सरकारला तोंडावर सांगितलं. रयतेच्या पोरांच्या शाळेवर झालेला खर्च म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे, हे त्यातून आपण शिकायचं.

पण बायांनो, इथं एक सावधगिरी हवी. 'आम्ही कर भरतो म्हणून आमच्या पोराला जेवण' एवढ्यावरच थांबलो, तर जिच्या हातात महिनाभर पैसाच आला नाही, तिच्या पोराचं काय? ऊसतोडीला गेलेल्या आईबापाच्या, आजीजवळ राहणाऱ्या पोराचं काय? त्याचा हक्क कमी नाही. जेवणाचा हक्क पावतीवर ठरत नाही, तो मुलाचा आहे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा मोफत आणि सक्तीची केली. ज्याला आपण दुपारी शाळेत बसायला लावतो, त्याच्या दुपारच्या भुकेची जबाबदारीही आपल्या सगळ्यांचीच.

हा हक्क सहज मिळालेला नाही. १९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ मिळायचा. तो घरी जायचा आणि घरभर वाटला जायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शिजवलेलं जेवण द्या. मग २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या आठवीपर्यंतच्या मुलाला सुट्टीचे दिवस सोडून रोज एक वेळचं जेवण मोफत द्यायचं, असं त्यात लिहिलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, कायदाच 'मोफत' म्हणतो, मग फुकट म्हटलं तर काय बिघडलं?

आमच्या मते कायद्यातला 'मोफत' हा शब्द जपायला हवा. त्याचा अर्थ एवढाच की जेवताना मुलाकडे पैसे मागायचे नाहीत. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की जेवण शिजवायचा खर्च कोणत्याही परिस्थितीत मुलांकडून किंवा त्यांच्या आईबापांकडून वसूल करायचा नाही. हा शब्द काढला, तर उद्या कुणीतरी 'महिन्याला पन्नास द्या' म्हणेल. म्हणून कागदावर 'मोफत' राहू द्या. बोलताना मात्र 'फुकटचं' नको. मोफत म्हणजे दारात पैसे लागत नाहीत. फुकटचं म्हणजे किंमत नसलेलं, आणि देणाऱ्याच्या मर्जीवरचं.

मर्जीवरचं झालं की काय होतं, ते अंड्याच्या बाबतीत बघितलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्याला केळं द्यायचं ठरवलं. त्या दिवशी पोरं कशी धावत यायची, ते आम्ही पाहिलंय. जानेवारी २०२५ मध्ये सांगण्यात आलं, की अंड्यासाठी वेगळा निधी नाही, द्यायचं तर लोकसहभागातून जमवा. गावाने हौसेने एक दिवस गोडधोड घालणं वेगळं. पण रोजच्या अन्नातलं पोषण वर्गणीवर टाकलं, तर जिथं गरज जास्त तिथंच वर्गणी कमी जमणार. 'हक्काचं होतं, ते का काढलं?' असं विचारणारे आवाज फार आले नाहीत. 'फुकट मिळत होतं, बंद झालं' म्हणून लोक गप्प बसले.

हक्क म्हटलं की विचारता येतं. लहान वर्गाच्या जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्या वर्गाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं हवीत, असं कायद्याने ठरलेलं आहे. मग डाळ पातळ का, हे विचारणं म्हणजे नखरे नाहीत. धान्य, पैसे, सरपण किंवा स्वयंपाकीण नाही म्हणून शाळेत जेवण शिजलं नाही, तर २०१५ च्या नियमांप्रमाणे मुलाला त्या दिवसाचं धान्य आणि शिजवायचा खर्च भत्ता म्हणून द्यावा लागतो. लागोपाठ तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण नसेल, तर जबाबदारी कुणाची ते सरकारने ठरवायचं आहे. दान चुकलं तर कुणी भरपाई देत नाही. हक्क बुडाला तरच देतात.

या ताटात खरंच फुकटात जाणारं काही असेल, तर ते शिजवणारीचे श्रम. केंद्राने स्वयंपाकिणीचं मानधन २००९ पासून महिना १००० रुपयेच धरलं आहे. आपल्या राज्याची भर धरून ते २५०० होतं, तेही वर्षातले दहा महिने. शाळेचा दिवस धरला तर रोज शंभरेक रुपये. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली ३१२ रुपये होती. आमचं काम पूर्ण दिवसाचं नाही म्हणतात. पण सकाळी तांदूळ निवडण्यापासून दुपारी भांडी घासून होईपर्यंत दुसऱ्याच्या रानात रोजाने जाता येत नाही. 'फुकटचं जेवण' म्हणता म्हणता ते शिजवणारे हातही फुकटचे होऊन जातात.

तेव्हा आमचं सांगणं थोडकं आहे. यापुढे 'शाळेचं जेवण' म्हणा, 'हक्काचं जेवण' म्हणा. कुणी फुकट म्हणालं तर भांडू नका, रिचार्जचा हिशोब सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बायका असतात. तिथं आपल्या गटातल्या कोण आहेत, ते या महिन्याच्या बैठकीत बघा. त्यांना पुढच्या सभेत जेवणाचा विषय काढायला सांगा. दुपारी सुट्टीच्या वेळी दोघीतिघींनी शाळेत जा, वाटीभर डाळ चाखून बघा, आणि पातळ असेल तर आम्हालाही तोंडावर सांगा.

आणि घरी लेकराला सांगा, "मान वर करून जेव. हे तुझंच आहे."