तेजी, मंदी आणि दहा महिन्यांची सरासरी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



कार्यकारिणीने मला विषय दिला तो असा: ‘चार्ट बघून शेअर बाजारातली मंदी आधी ओळखता येते का?’ मी बँकेत नोकरी केली, आणि गेली बरीच वर्षं आलेखाच्या कागदावर सेन्सेक्स मांडायचा छंद मला आहे. मी सेबीचा नोंदणीकृत सल्लागार नाही. त्यामुळे कुठला शेअर घ्या, कुठला विका, हे मी आज सांगणार नाही. कुणी जिन्यात गाठून विचारलंत तरी सांगणार नाही!

पण हा विषय नुसत्या करमणुकीचा नाही. २००० साली आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांची बचत बँकेच्या ठेवीत, पोस्टात, एलआयसीत आणि सोन्यात होती. ते साल संपताना सेन्सेक्स चार हजारांच्या खाली होता. २०२५ मध्ये तो ऐंशी हजारांच्या पुढे होता आणि आज जवळजवळ प्रत्येक घरात एखादी एसआयपी किंवा डीमॅट खातं आहे. म्हणजे पूर्वी मंदी ही पेपरातली बातमी होती, आता ती आपल्या घरात येते. कुणाच्या निवृत्तीची रक्कम त्यात आहे, कुणाच्या मुलीच्या इंजिनिअरिंगची फी त्यात आहे. परवाच एकांनी मला विचारलं, “यूट्यूबवाला म्हणतोय चार्ट खराब झालाय, मोठी पडझड येणार. सगळं काढून घेऊ का?” त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे भाषण समजा.

आधी चार्ट म्हणजे काय ते बघू. दररोज बाजारात किती भावाला सौदे झाले त्याची ती नोंद. जपानमध्ये ओसाका शहरात दोजिमा नावाचा तांदळाचा बाजार होता. १७३० मध्ये तिथल्या वायदे व्यवहारांना सरकारी मान्यता मिळाली. साकाता गावचे तांदळाचे व्यापारी होम्मा मुनेहिसा यांच्याकडे ‘कॅन्डल’ पद्धतीच्या आलेखाचं श्रेय परंपरेने दिलं जातं. मेणबत्तीसारखी दिसणारी ती लाल-हिरवी चित्रं आज आपल्या मोबाइलवर आहेत, त्यांचं मूळ धान्यबाजारात आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. सांगलीत हळदीचे वायदे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि आपल्याकडची हळद त्या बाजारात गेलेली आहे. भाव चढला की शेतकरी माल थांबवतो, उतरायला लागला की घाई करतो. माणसाचा हा स्वभाव बदलत नाही, म्हणून भावाच्या चित्रात काही आकार पुन्हा पुन्हा दिसतात. चार्टशास्त्राचा सगळा पाया एवढाच आहे.

पुढे अमेरिकेत चार्ल्स डाऊ यांनी, म्हणजे वॉल स्ट्रीट जर्नलच्या एका संस्थापकांनी, साधा विचार मांडला. बाजार चढतीला असतो तेव्हा प्रत्येक शिखर आधीच्या शिखरापेक्षा उंच असतं आणि प्रत्येक दरीही आधीच्या दरीपेक्षा उंच असते. आपल्या पाचगणीच्या घाटासारखं. मध्ये थोडा उतार लागतो, पण एकूण गाडी वर चाललेली असते. ज्या दिवशी नवं शिखर जुन्यापेक्षा ठेंगणं राहतं आणि नवी दरी जुन्या दरीच्या खाली जाते, त्या दिवशी समजायचं की घाट संपला, उतार लागला.

आता हे डोळ्यांनी ठरवायला गेलं की दहा जणांचे दहा तर्क होतात. म्हणून सरासरी वापरतात. जाणकार मंडळी दोनशे दिवसांच्या सरासरीची रेषा काढतात. आपल्याला घरच्या घरी करता येईल अशी पद्धत म्हणजे दहा महिन्यांची सरासरी. महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा सेन्सेक्स वहीत लिहायचा. चालू महिना धरून मागच्या दहा आकड्यांची बेरीज करायची आणि दहाने भागायचं. महिनाअखेरचा सेन्सेक्स सरासरीच्या वर असेल तर ठीक. खाली गेला तर इशारा. याला ना संगणक लागतो, ना महिना पाच हजारांचा कोर्स.

ही पद्धत खरोखर चालते का? मी चार प्रसंग मांडून बघितले. ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रसंग २००८ चा. ८ जानेवारीला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला. २१ जानेवारीला एका दिवसात १,४०८ अंश पडला. आपल्या पद्धतीने जानेवारीतही इशारा आला नाही, फेब्रुवारीतही नाही. तो आला मार्चअखेर. सेन्सेक्स १५,६४४ आणि सरासरी साधारण १७,३१७. म्हणजे शिखरावरून पंचवीस टक्के घसरण झाल्यावर वही बोलली. उशीर झाला म्हणाल. पण पुढे ९ मार्च २००९ ला सेन्सेक्स ८,१६० वर गेला! एप्रिल २००९ अखेर तो ११,४०३ झाला आणि पुन्हा सरासरीच्या वर आला. १५,६४४ ला बाहेर, ११,४०३ ला आत. तेच शेअर सत्तावीस टक्के स्वस्तात परत मिळाले असते.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०१८. महिनाअखेर सेन्सेक्स ३४,४४२, सरासरी ३५,५९४. इशारा आला, विकलं. नोव्हेंबरअखेर सेन्सेक्स ३६,१९४, पुन्हा सरासरीच्या वर. म्हणजे महिन्याभरात पाच टक्के महाग परत घ्यायचं. निव्वळ फसवा इशारा.

तिसरा कोरोनाचा. फेब्रुवारी २०२० अखेर सेन्सेक्स ३८,२९७ आणि सरासरी ३९,३७९. इशारा वेळेवर आला. लॉकडाऊनच्या आधी आला, हे लक्षात घ्या. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंश पडून २५,९८१ वर गेला. वहीवाला सुखात होता. पण आत परत यायचा इशारा मिळाला जुलैअखेर, ३७,६०७ वर. बाहेर पडला ३८,२९७ ला, आत आला ३७,६०७ ला. एवढं महाभारत झालं आणि फायदा दोन टक्केसुद्धा नाही. कर आणि दलाली वजा केली तर हातात काय राहिलं? फक्त मार्च महिन्यात शांत झोप लागली. अर्थात, ज्याला झोपेची गरज आहे त्याच्यासाठी तीही काही कमी नाही.

चौथा अगदी अलीकडचा. २७ सप्टेंबर २०२४ ला सेन्सेक्सने ८५,९७८ चं शिखर गाठलं. डिसेंबरअखेर ७८,१३९ वर इशारा आला. ७ एप्रिल २०२५ ला सेन्सेक्स ७१,४०० च्या आसपास घसरला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ८०,२४२ वर, म्हणजे सरासरीच्या वर, आला. पुन्हा सुमारे तीन टक्के तोटा.

चार प्रसंगांचा हिशोब मांडा. एकदा मोठा फायदा, एकदा जेमतेम, दोनदा तोटा. आणि काही पडझडी अशा की ही पद्धत त्यांच्या वाटेला जातच नाही. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी सेन्सेक्स अडीच हजार अंश चढला होता, त्या दिवशी जवळजवळ ४,४०० अंश पडला, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी नव्या उच्चांकावर होता. जो घाबरून चारला विकून बसला, तो सातला हात चोळत बसला.

मग चार्टचा उपयोग तरी काय? यासाठी मी आपल्या कृष्णामाईचं उदाहरण देतो. ती आपल्या घाटावरून निघून पुढे सांगलीला जाते. तिथे १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आता ती पट्टी पाऊस कधी पडेल हे सांगते का? नाही. ४० फुटांवर आलेलं पाणी दर वेळी ४५ ला जातं का? तेही नाही, अनेकदा तिथूनच उतरतं. तरी ४० फूट झाले की नदीकाठची माणसं जनावरं सोडतात, सामान वर हलवतात. पाणी उतरलं तर हेलपाटा फुकट गेला म्हणून कुणी रडत बसत नाही.

चार्ट म्हणजे ती पट्टी आहे. तिला पंचांग समजलात की फसलात. ‘अमुक तारखेला बाजार कोसळणार’ असं चार्ट दाखवून सांगणारा माणस पट्टीकडे बघून पावसाचं नक्षत्र सांगतोय, एवढं ओळखा. आणि फसवे इशारे म्हणजे त्या पट्टीवर विसंबून राहण्याची किंमत आहे. विम्याच्या हप्त्यासारखी. ज्याला २००८ सारखा फटका अजिबात परवडणार नाही त्याने ती किंमत मोजावी. ज्याला पंधरा-वीस वर्षं पैसे लागणार नाहीत त्याने कशाला मोजायची? त्याची एसआयपी मंदीतच स्वस्तात युनिट्स घेत असते.

एक साधा हिशोब सगळ्यांनी लक्षात ठेवावा. शंभराचे ऐंशी झाले तर परत शंभर व्हायला पंचवीस टक्के वाढ लागते. शंभराचे पन्नास झाले तर शंभर टक्के लागते. तरुणाकडे त्यासाठी वर्षं असतात. पासष्टीच्या माणसाकडे, किंवा दोन वर्षांनी फी भरायची आहे त्या आईबापाकडे, ती नसतात.

म्हणून परवाच्या त्या प्रश्नाला माझं उत्तर असं. ‘बाजार पडणार का’ हे विचारू नका. ‘हे पैसे मला कधी लागणार’ हे विचारा. पुढच्या तीन ते पाच वर्षांत लागणारे पैसे चार्ट कितीही छान दिसत असला तरी बाजारात नकोत. ते आजच काढा, चार्ट खराब झाला म्हणून नव्हे तर फीची तारीख ठरलेली आहे म्हणून. उरलेल्या पैशांसाठी वही ठेवायची असेल तर ठेवा, पण इशारा आल्यावर किती काढायचं, परत कधी टाकायचं, हे आधी लिहून त्याखाली नवरा-बायको दोघांनी सही करा. घबराटीत घेतलेला निर्णय आणि पुरात बांधलेला बांध सारखेच.

आपल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत तुम्ही रोज बघता. रास्त्यांनी १७६२ मध्ये देऊळ बांधलं तेव्हा ती माशाच्या आकाराची केली, म्हणजे पुराचं पाणी दोन्ही बाजूंनी फुटून जाईल. पूर कुठल्या साली येणार हे बांधणाऱ्याला ठाऊक नव्हतं. पूर येणार एवढं मात्र त्याने गृहीत धरलं. आपल्या घराच्या पैशाचं तसंच आहे. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांत सेन्सेक्स दोनदा निम्म्याहून जास्त पडला, २०००-०१ मध्ये आणि २००८-०९ मध्ये. पुढच्या पंचवीस वर्षांत तसं पुन्हा होणार असं धरूनच भिंत घाला.

भाषणानंतर तीन प्रश्न आले, त्यांची उत्तरं थोडक्यात देतो.

पहिला प्रश्न आपल्या तरुण मंडळींचा: चार्ट बघून ऑप्शन्समध्ये रोज थोडं कमावता येईल का? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. त्यातल्या बहुतेकांच्या मोबाइलवर चार्ट होताच. बाळांनो, एवढं पुरे आहे.

दुसरा: रोज चार्ट बघावा का? महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. मेंटेनन्सचा चेक लिहिता त्याच दिवशी.

तिसरा: सोसायटीचा सिंकिंग फंड ठेवीत पडून आहे, चार्ट बघून थोडा बाजारात टाकला तर? हा प्रश्न सभेतही निघाला होता. सहकार कायद्याच्या कलम ७० ने सोसायटीचा निधी कुठे गुंतवायचा ते ठरवून दिलं आहे आणि शेअर बाजारात खेळायला त्यात वाव नाही. पण कायदा बाजूला ठेवा. आदर्श उपविधीप्रमाणे प्रत्येक सभासद बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दर वर्षी त्या फंडात भरतो. पंचवीस वर्षांची इमारत आहे, टाकीला आणि स्लॅबला काम निघणारच, आणि ते काम सेन्सेक्स वर आहे की खाली हे विचारून निघणार नाही. तो पैसा आहे तिथेच बरा आहे.

वही कशी मांडायची ते बघायचं असेल तर रविवारी सकाळी दहानंतर घरी या. आलेखाचा कागद मी देईन, चहाही होईल. शेअरची टिप मात्र मिळणार नाही.