अंगणातला मोर दिसेनासा का होतो?



खडकीत छावणीची जुनी झाडी आहे, मुळा नदीचा काठ आहे.
अशा भागात मोर घराच्या आवारात सहज फिरकतो.
आणि एक दिवस येईनासा होतो.

घाबरू नका. कदाचित तो गेलेलाच नसेल.

पावसाळा सरता सरता मोराचा पिसारा झडतो.
मग नाच नाही, ओरडणं नाही.
झुडपांतून तो गुपचूप हिंडतो.

लांडोर तर जवळजवळ चार आठवडे अंडी उबवते.
तिचं घरटं झाडावर नसतं बरं का, जमिनीवर असतं.
झुडपाखाली उकरलेला उथळ खळगा, वर चार काटक्या-पानं.
दाणे टिपायला ती घाईनं येते, लगेच परतते.

पण पुढचा पावसाळा आला, तरी मोराची केका कानी आली नाही?
मग आजूबाजूला नजर टाका.

मोराला रात्री बसायला उंच झाड लागतं.
दिवसा लपायला दाट झुडूप लागतं.
आपण सफाईच्या नावाखाली नेमकं झुडूपच तोडतो.
मोकाट कुत्री, मुंगूस अंडी-पिल्लं सोडत नाहीत.
त्या कुत्र्यांना पोसणारेही बहुधा आपणच!

पुन्हा सांगते.
रात्री उंच झाड, दिवसा दाट झुडूप.
यातलं एक गेलं, की मोर जागा बदलतो.

दुसरा मोर आणून सोडू, असं मात्र मनात आणू नका.
मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे.
1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पकडणं गुन्हा आहे.

त्यापेक्षा पावसाळ्यात कुंपणाकडच्या कोपऱ्यातलं झुडूप न कापता राहू द्या.
जखमी मोर दिसला, तर वनविभागाला कळवा.