सहा तास वर्गात: इंग्रजीचा शिक्षक पास कसा होतो?

"इंग्रजी शिकवायचंय, कोणतं सर्टिफिकेट घेऊ?" हा प्रश्न इनबॉक्समध्ये सारखा येतो, म्हणून आज त्यावरच बोलू. मी शिक्षक नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण माझ्या मावसबहिणीने सेल्टा केलं, तेव्हा तिच्या प्रत्येक लेसन प्लॅनचा पहिला श्रोता मीच होतो. त्यामुळे हा सगळा प्रकार जवळून बघितला.

सेल्टा हा केंब्रिजचा कोर्स. किमान 120 तासांचा. फुल टाइम केला तर साधारण चार-पाच आठवडे. आणि गंमत म्हणजे शेवटी लेखी परीक्षाच नाही! मग पास कसं करतात?

मुख्य भाग म्हणजे शिकवणं. खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, एकूण सहा तास, वेगवेगळ्या दिवशी, किमान दोन लेव्हलच्या वर्गांना. मागे ट्यूटर वही घेऊन बसलेला असतो, आणि सोबत शिकणारे तुमचे मित्रही. तास संपला की आधी तुम्ही स्वतः सांगायचं, काय जमलं, काय नाही. मग बाकीचे बोलतात. आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो ना, अगदी तसंच. फक्त इथे कोड म्हणजे तुम्ही स्वतः. त्यामुळे जरा जास्त लागतं!

त्याशिवाय सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे आणि चार असाइनमेंट लिहायच्या, प्रत्येकी 750 ते 1000 शब्दांच्या. एखादी अडली तर एकदा सुधारून परत देता येते. चारपैकी निदान तीन पास व्हाव्या लागतात. एका असाइनमेंटमध्ये तर खऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यास करायचा असतो: तो कुठे चुकतो, का चुकतो, त्याच्यासाठी काय करता येईल.

आता मुद्द्याची गोष्ट. ताईचं इंग्रजी फर्डं. एका तासाला तिने 'यूज्ड टू' इतकं सुंदर समजावलं की मी असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या. ट्यूटरने एवढंच विचारलं, "छान. पण विद्यार्थी कधी बोलले?"

तिथे मापच वेगळं आहे. तुम्ही किती बोललात यापेक्षा समोरच्याला काय करता यायला लागलं, ते बघतात. "समजलं का?" असं विचारून भागत नाही, कारण त्यावर सगळा वर्ग मान डोलावतो. आपण शाळेत तेच तर केलंय! त्याऐवजी अर्थ तपासणारे छोटे प्रश्न विचारायचे. 'आय यूज्ड टू प्ले क्रिकेट' हे वाक्य घ्या. मी आता खेळतो का? नाही. तेव्हा एकदाच खेळलो का? नाही, नेहमी खेळायचो. मराठीतला हा 'खेळायचो' ज्याच्या डोक्यात पेटला, त्याला 'यूज्ड टू' समजलं.

आम्हा डेव्हलपर लोकांची एक जुनी सबब आहे: "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!" "मी तर शिकवलं होतं" ही तिचीच सख्खी बहीण. युजरकडे चाललं नाही तर काय उपयोग?

पुढच्या तासाला ताईने स्वतःचं बोलणं पाच मिनिटांवर आणलं आणि उरलेला वेळ जोड्या करून विद्यार्थ्यांना बोलायला लावलं. ट्यूटर नेमकं हेच शोधत असतो: मागच्या वेळी सांगितलेलं या वेळी दिसतंय का? शेवटी ग्रेड तीनच. पास, पास बी आणि पास ए. बहुतेकांना साधा पासच मिळतो, आणि नापासही होता येतं. ट्यूटरची मर्जी चालू नये म्हणून केंब्रिजने नेमलेला बाहेरचा असेसर येऊन वर्ग आणि फाइली तपासतो.

ट्रिनिटीचा सर्टटेसॉल नावाचा असाच दुसरा कोर्स आहे. त्यात तर तुम्हालाच चार तास एका अनोळखी भाषेच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसवतात आणि त्या अनुभवावर लिहायला लावतात. समोरच्याची धडधड कळावी म्हणून!

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक. तुमचं इंग्रजी पक्कं हवंच, सी1-सी2 लेव्हलचं. प्रवेशाआधी भाषेची टास्क आणि मुलाखत असते. पण इंग्रजी ही तुमची मातृभाषा असावी, अशी अट नाही. उलट ती भाषा आपण स्वतः धडपडत शिकलोय, त्यामुळे विद्यार्थी कुठे अडखळेल ते आपल्याला आधीच दिसतं.

आणि एक सावधगिरी. आपल्याकडच्या शाळेत नोकरी हवी असेल तर बी.एड. आणि टीईटीचा रस्ता वेगळा. सेल्टा त्याची जागा घेत नाही.

तेव्हा कुठल्याही कोर्सची फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. खऱ्या विद्यार्थ्यांना किती तास शिकवायला मिळेल? माझा तास कोण बघेल? आणि बाहेरून कोणी तपासायला येतं का? उत्तर "व्हिडिओ बघा, क्विझ सोडवा, पीडीएफ डाउनलोड करा" असं आलं, तर पैसे खिशातच ठेवा.

तुमच्यापैकी कोणी असा कोर्स केला असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!